चाक तुझं, घंटा माझी

रंगा, मलकापूरच्या कोपऱ्यावर तुझा फ्लेक्स अजून लटकतोय. पांढरा शर्ट, खिशाला पेन, कपाळाला गंध आणि तोंडावर ते हसू, जे तू गिऱ्हाइकाच्या हातात गाडीची किल्ली देताना हसायचास. खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, 'शब्दाला जागणारा माणूस'. हे शब्द माझे. गॅरेजातल्या लोकांनी विचारलं, इंजनेर, फ्लेक्सवर काय टाकायचं, तेव्हा तुला जाऊन दोनच दिवस झाले होते आणि मी रडत होतो. रडणाऱ्या माणसाला फ्लेक्सचा मजकूर विचारू नये.

तुझं उत्तरकार्य झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनींनी मला घरी बोलावलं आणि अकरा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट सांगितली. तेव्हापासून मी तुझ्याशी भांडतोय. अंघोळ करताना भांडतो, स्कूटरवर भांडतो. परवा नाक्यावर गर्दीत अडकलो होतो तेव्हा मोठ्याने बोललो असणार, कारण शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "काका, बरं हाय न्हवं?" तू मात्र उत्तर देत नाहीस. जिवंत असतानाही अडचणीचा प्रश्न आला की तू चहा मागवायचास. म्हणून आता लिहून काढतोय.

तू विट्याचा. वडील यंत्रमागावर, आणि तूही मिसरूड फुटायच्या आत मागाखाली शिरून बिघाड काढायला शिकलास. त्या माणसाला तिकडे जॉबर म्हणतात. मी सांगलीचा, डिप्लोमा केलेला, म्हणून तू मला पहिल्या दिवसापासून इंजनेर म्हणालास. त्यात निम्मा मान असायचा आणि निम्मी थट्टा. आपण भेटलो सांगलीत, त्या जपानी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये. कंपनीचं नाव मी इथे घेत नाही. तू तरी कुठे घ्यायचास? 'आपली कंपनी' म्हणायचास, जपानात तुझा चुलता बसल्यासारखं.

आणि त्याला कारण होतं. आपल्याला ट्रेनिंगला पाठवलं तेव्हा शिकवणाऱ्याने पहिल्याच तासाला कंपनीचा इतिहास सांगितला. बाकी सगळे पेंगत होते. तो म्हणाला, ही गाड्यांची कंपनी काढणाऱ्याचे वडील माग बनवायचे. तू ताडकन उभा राहिलास. "कसलं माग?" शिकवणारा गडबडला. कापडाचे, म्हणाला. माग बनवणारा तो सुताराचा मुलगा होता, घरी आईला मागावर राबताना बघायचा. त्याने पुढे असा माग केला, की एक धागा तुटला तरी माग आपणहून थांबायचा. त्यामुळे खराब कापड निघायचंच नाही. त्याच्या मुलाने गाड्या काढल्या, आणि कारखान्यातही तोच नियम लावला. कुणालाही चूक दिसली, की त्याने दोरी ओढायची. सगळी लाइन थांबते. ओढणाऱ्याला कुणी रागावत नाही.

तुझ्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं, रंगा. जेवणाच्या सुट्टीत तू मला म्हणालास, "इंजनेर, आमच्यात धागा तुटला आन् ध्यानात न्हाई आलं, तर हातभर कापड बाद व्हायचं. मग शिव्या जॉबरला. माझ्या बापाला लय शिव्या बसल्यात बघ. आन् हितं ह्यो बाबा म्हणतोय, शिव्या द्यायच्या न्हाईत, थांबायचं."

पुढे ती गोष्ट तू प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलीस. सांगता सांगता ती जपानी आई विट्याची होत गेली. शेवटी शेवटी तर ती लेकाला म्हणायची, "आरं लेकरा, धागा तुटला बघ, डोळं फुटलं काय तुझं?" मी एकदा टोकलं, तर म्हणालास, "आई ती आई. जपानात काय येगळी बोलती व्हय?"

आपलं पहिलं भांडण एका शब्दावरून झालं. माझे वडील सांगलीच्या हळदीच्या पेठेत माल पारखायचे. वरून पॉलिश करून चकचकीत केलेली आणि आतून पोकळ हळकुंडं निघाली, की ते पोतं बाजूला सारत आणि म्हणत, "जपानी आहे." त्यांच्या लहानपणी जपानी माल म्हणजे देखणा, स्वस्त आणि आठवड्यात मोडणारा. मी हे तुला हसत हसत सांगितलं आणि तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. तिसऱ्या दिवशी आलास तो तयारीनिशी. म्हणालास, त्यांची पहिली गाडी अमेरिकेला नेली तेव्हा तिथल्या चढावर धापा टाकायला लागली. मग? मग परत घेतली. लाजले नाहीत, दुसऱ्यावर ढकललं नाही. घरी बसून दुरुस्त करत राहिले. "आन् आज बघ. त्येच नाव, त्योच देश, पर शब्दाचा अर्थच फिरवला गड्यांनी. तुझ्या वडलांचं जपान येगळं आन् माझं येगळं." मी म्हणायचो, पॉलिश बघून भुलू नकोस. तू म्हणायचास, इंजिन उघडून बघ. हा वाद वर्षानुवर्षं चहाबरोबर चालला आणि सांगायला हरकत नाही, की बहुतेक वेळा तूच जिंकलास.

मलकापुरात आपण स्वतःचं गॅरेज काढलं तेव्हा तू सांगलीहून पितळेची घंटा आणलीस, देवळातली असते तशी. गाड्या लावतो त्या जागेच्या मधोमध ती टांगलीस आणि तिची दोरी भिंतीपर्यंत आणून बांधलीस. नियम सांगितलास. ज्याच्या हातून चूक झाली, किंवा झाली असेल असं ज्याला वाटलं, त्याने स्वतः दोरी ओढायची. विचारायला थांबायचं नाही. घंटा वाजली की सगळ्यांनी हातातलं काम खाली ठेवायचं, आणि कुणी त्या माणसाला बोलायचं नाही. पहिले सहा महिने गावाने चेष्टा केली. आरती कितीची, म्हणून विचारायला यायचे. ऑइलचं झाकण राहिलं, वाजली घंटा. वॉशर उलटा बसला, वाजली घंटा. मग हळूहळू चेष्टा थांबली, कारण आपल्याकडून गेलेली गाडी परत यायची बंद झाली. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत ज्याच्याकडे ती जपानी गाडी होती, तो म्हणायचा, गाडीला नाव कंपनीचं आणि हात रंगरावाचा.

एकदा पेपरात फोटो आला होता, आठवतो? जगभरातून गाड्या परत बोलवायची वेळ कंपनीवर आली होती आणि मालक सगळ्यांसमोर कंबरेत वाकून माफी मागत होता. मला वाटलं, तुझं तोंड उतरेल. तू तो फोटो कापून घंटेच्या दोरीजवळ चिकटवलास. "बघा रं," म्हणालास सगळ्यांना, "मालक वाकलाय. आपल्यात कुठला मालक वाकतोय?"

तो फोटो अजून तिथेच आहे, रंगा. मी त्याच्याकडे बघू शकत नाही.

आता त्या दिवसाबद्दल. उन्हाळा होता. सुभेदार आणि त्यांच्या पत्नी, काकी, शिराळ्याहून आले होते, त्यांच्या गाडीचे ब्रेक बघायला. सुभेदार लष्करातून निवृत्त झालेले, गाडीही फौजेतल्यासारखी ठेवायचे. काम मी केलं. चारही चाकं काढली, ब्रेक साफ केले, पुढचे पॅड बदलले, चाकं परत चढवली. नट शेवटी त्या मोजून आवळायच्या पान्याने आवळायचे, पाना 'टक्' वाजला की नट बसला. चार चाकांचे वीस नट, वीस वेळा टक्. काम संपवून मी जेवायला घरी गेलो. परत आलो तेव्हा सुभेदार गाडी घेऊन गेले होते. दुपार कलताना फोन आला. तू घेतलास. पेठ नाक्याच्या अलीकडे पुढचं डावं चाक निखळलं होतं, गाडी खड्ड्यात गेली होती, आणि काकींचा पाय अडकला होता.

सगळे थांबले. मी माझे टक् मोजायला लागलो. पंधरापर्यंत आठवत होते. पुढचे पाच आठवेनात. जे काम हजारदा केलं, ते एकेक करून कुणाला आठवतं? पण तेव्हा हे सुचलं नाही. मी गेलो आणि दोरी ओढली. नियमच होता, विचारायला थांबायचं नाही.

तू माझ्यापासून तीन पावलांवर उभा होतास. घंटेचा आवाज विरेपर्यंत तू खाली बघत राहिलास. मग जवळ आलास, माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "झालं. बोललास न्हवं? बास." सगळ्यांच्या डोळ्यांत तुझ्याबद्दल आदर दाटून आला. माझ्याही.

काकींचा पाय वाचला, पण आखूड झाला. सुभेदारांनी तक्रार केली नाही. मी मात्र त्यानंतर चाकाला हात लावू शकलो नाही. पाना उचलला की बोटं थरथरायची. तू म्हणालास, बस जरा टेबलावर, पार्टचं बघ, आणि ते 'जरा' अकरा वर्षांचं झालं. डिप्लोमा केलेला, इंजिनाचा आवाज ऐकून कुठला व्हॉल्व्ह बोलतोय ते सांगणारा मी, फिल्टर आणि बेल्ट यांचे खोके मोजत बसलो. लग्नाकार्यात लोक कुजबुजायचे, ह्योच त्यो, चाक आवळायचं राह्यलेला. बायकोच्या स्कूटीचं पंक्चरसुद्धा मी दुसऱ्याकडून काढून घेत होतो.

आणि तू काय केलंस? नवा माणूस कामाला लागला, की त्याला दोरीजवळ उभं करून तू माझी गोष्ट सांगायचास. "ह्यो आमचा इंजनेर. एवढी मोठी चूक झाली, पर एक मिंट थांबला न्हाई. सरळ येऊन दोरी वढली. अशी छाती पायजे." मी टेबलामागे मान खाली घालून ऐकायचो. मला वाटायचं, हा माणूस माझी लाज झाकतोय. अकरा वर्षं, रंगा. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि मी वर तुला दुवा देत होतो.

वहिनींनी त्या दिवशी आधी चहा विचारला नाही. म्हणाल्या, "भावजी, बसा. आदी ऐका, मग च्या. ऐकून झाल्यावर नको वाटला तर नका घिऊ." आणि सांगितलं. मी जेवायला गेलो तेव्हा एक नवं गिऱ्हाईक आलं होतं. गाडी घ्यावी की नाही, म्हणून विचारत होतं. तू त्याला मागाची गोष्ट सांगितलीस, आणि तेवढ्याने भागलं नाही म्हणून सुभेदारांच्या गाडीचं पुढचं डावं चाक काढून दाखवलंस. बघा, डिस्क बघा, इतकी वर्षं पळून कशी राहिलीय. मग चाक परत चढवलंस, नट हातानेच फिरवून बसवलेस. पाना आणायला वळलास, तेवढ्यात ते गिऱ्हाईक म्हणालं, चला, समोर चहा घेऊ. तू गेलास. परत आलास तेव्हा जागा रिकामी होती, आणि बोलण्याच्या नादात नटांचं तू विसरूनच गेला होतास, ते फोन आल्यावर आठवलं. मीच काम संपल्याचं लिहून ठेवलं होतं, म्हणून सुभेदार गाडी घेऊन गेले.

"त्या रातीच त्यांनी मला सांगितलं," वहिनी म्हणाल्या. "म्हणलं, उद्या सकाळी इंजनेरला सांगतो. सकाळी गेलं न्हाईत. मग रोजचंच झालं. मी मागं लागले तर म्हणायचे, तू जर बोललीस तर मी जीव दीन. मी भ्याले, भावजी. माझीबी चूक हाय."

चहा मी घेतला नाही. त्याबद्दल वहिनींची माफी मागायची राहिलीय.

मला तुझी बाजू माहीत आहे. ती मी तुझ्याच आवाजात ऐकतोय रोज. तू म्हणणार, इंजनेर, माझ्या हाताची चूक म्हटल्यावर गॅरेज बंद पडलं असतं. लोक रंगरावाच्या नावावर येत हुते. आठ घरांच्या चुली हुत्या. तुझ्या नावावर चूक ऱ्हायली तर गॅरेज चालतंय, माझ्या नावावर ऱ्हायली तर न्हाई. बरोबर आहे, हिशेब चोख आहे. फक्त एक सांग. घंटा कशाला टांगली होतीस मग? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्या जपानी म्हाताऱ्याने माग केला तेव्हा त्याने असं नव्हतं ठरवलं, की दुसऱ्याचा धागा तुटला तर थांबायचं आणि आपला तुटला तर चालू ठेवायचं.

आणि गॅरेज वाचवायचंच होतं, तर मला विचारायचं होतंस. एका कानात सांगितलं असतंस, इंजनेर, चूक माझी हाय, पर तुझ्या नावावर घी, तर मी घेतली असती. शपथ घेऊन सांगतो, घेतली असती. मग मी जाणूनबुजून उचललेलं ओझं असतं ते. हात थरथरले नसते. तू माझ्याकडून ते मागितलं नाहीस, चोरून घेतलंस.

पुराच्या वर्षाचा विचार तर मी करूच शकत नाही. सांगलीच्या घरात पाणी शिरलं, वडील वरच्या खोलीत अडकले आणि इकडे मी नुसते फोन लावत सुटलो. तू कुणाला न सांगता आपल्या कंपनीची ती उंच गाडी काढलीस, जिथपर्यंत चाक टेकत होतं तिथपर्यंत नेलीस, पुढे छातीभर पाण्यातून गेलास आणि ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला पाठुंगळीला मारून आणलंस. वडील ओल्या धोतराने सीटवर बसले, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाले, "गाडी चांगली आहे हो." तू माझ्याकडे बघून असा हसलास! सगळ्या वादाचा निकाल एका वाक्यात लागला होता. वडील मरेपर्यंत तुझं नाव काढत होते. आणि आता मला विचारावं लागतंय, की पाण्यात तू माझ्या वडिलांसाठी उतरलास की त्या चाकासाठी. प्रेम होतं का ते, की परतफेड? हा प्रश्न तू माझ्या वाट्याला ठेवून गेलास. ह्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. खोटं बोललास ते बोललास, पण जे खरं होतं तेही मला आता हातात घेऊन, उलटंपालटं करून बघावं लागतंय. वडील पोत्यातली हळकुंडं बघायचे तसं. तू कुठला जपानी होतास रंगा, त्यांचा की तुझा?

वहिनींनी सांगितलं त्याच्या चौथ्या दिवशी मी शिराळ्याला गेलो. तुला माहीत आहे, मी दर वर्षी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी जायचो. गर्दी ओसरलेली असायची. काकी माझ्या वाटणीची पुरणाची दिंडं झाकून ठेवायच्या. मी माफीचं काहीतरी पुटपुटायचो आणि त्या आखूड पायाने आत-बाहेर करत मला वाढायच्या. या वेळी अवेळी दारात बघून त्या दचकल्या. "आवं, पंचमी लांब हाय. आज कसं काय?"

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. ते चाक मी नीट बसवलं होतं काकी, नंतर रंगरावाने उघडलं. हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हणत होतो.

काकींनी सुभेदारांकडे बघितलं. सुभेदारांनी पेपरची घडी घातली. "बसा," म्हणाले. "आमास्नी म्हाईत हाय."

"काय?"

"ही दवाखान्यात हुती तवाच आला हुता रंगराव. माझं पाय धरलं. लय रडला. मी म्हणलं, आमचं जाऊ द्या, नशिबात हुतं. पर त्या इंजनेरला सांगा. म्हणला, सांगतो. दर टायमाला गाडी घिऊन आलो की मी इचारायचो, सांगितलं का? म्हणायचा, सांगतो."

मी काकींना म्हणालो, "मग तुम्ही तरी?" माझ्या आवाजात राग होता. असू दे म्हटलं.

काकी पदर चाळवू लागल्या. मग म्हणाल्या, "खरं सांगू? माझा ल्योक पुन्याला हाय, कवातरी येतोय. तुमी मातर न चुकता येत हुता. मला वाटायचं, सांगितलं तर ह्यो माणूस पुन्ना कशाला येतोय आपल्या दारात?"

म्हणजे बघ, रंगा. तुझी बायको, सुभेदार, काकी, सगळ्यांपुढे तू वाकलास. जिचा पाय आखूड झाला तिच्या नवऱ्याचे पाय धरायची छाती तुला झाली. फक्त रोज सकाळी ज्याच्या समोर बसून चहा प्यायचास, त्याला सांगायचं तुझ्याच्यानं झालं नाही. मी इतका परका होतो, की इतका जवळचा? दोन्ही उत्तरं मला नको आहेत.

मी निघालो तर सुभेदार अंगणापर्यंत आले. त्यांची आताची गाडी तिथे उभी होती, तीही आपल्याच कंपनीची, आणि पुढच्या चाकातली हवा पार गेलेली. जॅक लावून गाडी उचललेली होती. "सकाळपास्नं कंबर धरलीय माझी," ते म्हणाले. "स्टेपनी बसवता का?"

ते मुद्दाम म्हणाले की खरंच कंबर धरली होती, ते त्यांनाच माहीत. मी नको म्हणायला तोंड उघडलं, आणि बघतो तर काकी काठी टेकत आल्या, पुढचं डावं दार उघडलं आणि आत जाऊन बसल्या.

"अगं, गाडी जॅकवर हाय! उतर!" सुभेदार ओरडले.

"असू द्या," काकी म्हणाल्या. "बसवू द्या त्यास्नी. मग मला एक फेरी मारून आणा म्हणावं."

मोठ्या मिनतवारीने त्यांना खाली उतरवलं. मग मी चाक काढलं. पहिला नट दोनदा मातीत पडला. स्टेपनी चढवली, एक सोडून एक असे पाचही नट आवळले. टक् वाजणारा पाना तिथे नव्हता, साधाच होता, अंदाजाने जोर लावायचा. जॅक उतरवला आणि पुन्हा आवळले. काकी आत बसल्या. मी गाडी हळूहळू काढली. पहिल्या वळणाला थांबलो, उतरलो, नट तपासले. ओढ्याजवळ थांबलो, पुन्हा तपासले. देवळापाशी परत. काकी एकदाही म्हणाल्या नाहीत, की बास आता. काच खाली करून वारा खात बसल्या होत्या आणि ओळखीच्या बायकांना हात करत होत्या. परतताना मी कुठेच थांबलो नाही. गाडी अंगणात लावली तेव्हा माझा शर्ट भिजला होता, पण हात स्थिर होते.

गॅरेजातल्या लोकांना मी अजून काही सांगितलेलं नाही. तुझ्या फोटोला हार आहे, त्याच्याखाली उभं राहून हे बोलायला माझी जीभ उचलत नाही. हे लिहिलेलं ते वाचतील तेव्हा त्यांना कळेल. समोर तोंडाने सांगायला मलाही जमलं नाही, यात मी तुझ्याहून फार वेगळा नाही, हे मला समजतंय. फ्लेक्स मी उतरवणार नाही. वारा उतरवेल.

शिराळ्याहून परत येताना पेठ नाक्यावर थांबलो. हसू येत होतं, रडूही येत होतं. मी खिशातून मोबाइल काढला आणि बोटं आपोआप चालली. दोनदा रिंग गेली. पलीकडून वहिनींचा आवाज आला तेव्हा मला कळलं, मी तुझाच नंबर लावला होता.

"भावजी? काय झालं?"

"काही नाही वहिनी. चाक बसवलं. सुभेदारांच्या गाडीचं. मी."

मागे तुमच्या घरातला पंखा ऐकू येत होता. मग वहिनी हळूच म्हणाल्या, "ह्यास्नी सांगायला फोन केलाता व्हय?"

खरं तर नाही म्हणता आलं असतं. चुकून लागला म्हणता आलं असतं. तुझ्यावर मी इतका चिडलेला, की तुझं नावही मला त्या वेळी तोंडात नको होतं. पण माझ्याच्यानं खोटं बोलवलं नाही, रंगा. मी हो म्हणालो.